बर्फाच्या हॉटेलात एक रात्र: निफाडच्या ओट्यावर केलेली तयारी

प्री-कूलिंगच्या खोलीत आम्ही द्राक्षांत गारवा भरत नाही, द्राक्षांतली ऊब बाहेर काढतो. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये माझे एकवीस हंगाम झाले, आणि दरवर्षी नव्याने कामाला आलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे सांगते. बागेतून आलेला घड ऊन अंगात घेऊन आलेला असतो. पेट्यांना भोकं असतात. त्या भोकांतून पंखे गार वारा ओढतात आणि पाच-सात तासांत मण्याच्या गाभ्यातली उष्णता निघून जाते. मग माल शून्य-एक अंशाच्या कोल्ड स्टोरेजला लागतो.

स्वीडनमधल्या बर्फाच्या हॉटेलात एक रात्र झोपायचं ठरलं, तेव्हा माझी सगळी तयारी या एका गोष्टीवर उभी राहिली. तिथे घड म्हणजे आपण. आपली ऊब कुठून निसटते, कशामुळे निसटते आणि ती कशी धरून ठेवायची, एवढं नीट कळलं की उणे पाच अंशांतही माणूस शांत झोपतो. मी झोपले. आमचे हे इन्सुलिनवर आहेत, तेही झोपले. परत आल्यापासून नात्यातले, कामावरचे, सोसायटीतले लोक विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

जागा आणि तारीख

हे हॉटेल उत्तर स्वीडनमध्ये किरुना शहराजवळ युक्कासयार्वी या छोट्या गावात आहे, आर्क्टिक वर्तुळाच्याही साधारण २०० किलोमीटर वर. १९८९ साली तिथे याची सुरुवात झाली. गावाला लागून टॉर्ने नदी वाहते. मार्च-एप्रिलमध्ये ती गोठलेली असतानाच तिच्यातून बर्फाच्या लाद्या कापतात, एकेक लादी दोन टनांच्या आसपास, आणि त्या उन्हाळाभर शीतगृहात ठेवतात. हे वाचलं तेव्हा मला ते लोक एकदम आपल्यातले वाटले. हंगामात माल काढायचा, स्टोरेजला लावायचा, गरज पडेल तेव्हा बाहेर काढायचा. हिवाळ्याच्या तोंडाशी या लाद्या आणि ‘स्नाइस’ म्हणतात ते हिम-बर्फाचं मिश्रण वापरून हॉटेल नव्याने बांधतात, देशोदेशीचे कलाकार येऊन खोल्या कोरतात, आणि वसंतात सगळं वितळून परत टॉर्नेत जातं.

खोलीत तापमान उणे पाच ते उणे आठ अंश असतं. बाहेर उणे तीस झालं तरी आत साधारण तेवढंच, कारण भिंतींतल्या हिमात हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा ऊब जाऊ देत नाही. आपल्या घरातला डीप फ्रीजर उणे अठरा असतो. म्हणजे ती खोली फ्रीजरपेक्षा बरीच उबदार आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे पंखा नाही, वारा नाही. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी दिलाशाची गोष्ट होती. प्री-कूलिंग चेंबरमध्ये पंखे बंद पडले तर माल गार व्हायला किती वेळ लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

हिवाळ्यातलं हॉटेल साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उभं असतं. तुम्हाला जमत असेल तर फेब्रुवारी-मार्च निवडा, उजेड मिळतो. आमचा निर्यातीचा हंगाम जानेवारीत सुरू होतो, मार्चमध्ये तर मान वर करायला फुरसत नसते, म्हणून आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. त्या दिवसांत किरुनाला सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड, मग पुन्हा रात्र. त्याची मनाची तयारी लागते. आमच्या ह्यांना पहिल्या दिवशी फार उदास वाटलं होतं.

शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर आणखी एक सोय आहे. २०१६ पासून हॉटेलचा एक भाग वर्षभर उघडा असतो, उन्हाळ्यात तो सौर ऊर्जेवर गार ठेवतात. जूनमध्ये बाहेर मध्यरात्रीचा सूर्य आणि आत उणे पाच, असंही राहता येतं. आणि स्वीडनचा खर्च परवडत नसेल तर हिमाचलात मनालीच्या वर सेथन गावी हिवाळ्यात इग्लू बांधतात. तिथे जाणाऱ्यांनाही खाली लिहिलेली तयारी जशीच्या तशी लागू पडते.

व्हिसा शेंगेनचा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मोठ्या माणसाला फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा. स्टॉकहोमहून किरुनाला विमानाने दीड तास, नाहीतर रात्रभराची रेल्वे. माझी भाची स्टॉकहोमला नोकरी करते, बुकिंग तिनेच केलं. बुकिंग करताना एक विचारून घ्या: झोपण्याची पिशवी, जाड ओव्हरऑल, बूट यांतलं काय हॉटेल देतं आणि काय भाड्याने घ्यावं लागतं. आम्ही ते आधी विचारलं म्हणून दोन जाड जॅकेटांचा खर्च वाचला. एक रात्र बर्फाच्या खोलीत आणि आधीची व नंतरची रात्र गरम खोलीत, असंच बुकिंग करा. थकलेल्या अंगाने पहिल्याच रात्री थंड खोलीत जाऊ नका.

डॉक्टरांना आधी भेटा

हे मी कपड्यांच्या आधी लिहिते आहे, कारण यात चूक झाली तर कपडे कामाला येत नाहीत. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, थंडीत बोटं पांढरी पडत असतील, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गार हवेने श्वासनलिका आवळतात, रक्तदाब वाढतो. आमच्या डॉक्टरांनी ह्यांची तपासणी करून परवानगी दिली, तेव्हाच मी पुढचे पैसे भरले.

इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. नंतर ते वितळलं, दिसायला स्वच्छ दिसलं तरी टोचायचं नाही. म्हणून बाहेर फिरताना पेन स्वेटरच्या आत, अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवायचं. विमानातही ते हातातल्या बॅगेत, सामानात कधीच द्यायचं नाही. रात्री आम्ही ते गरम इमारतीतल्या लॉकरमध्ये ठेवलं. ग्लुकोमीटरही थंडीत नीट चालत नाही, त्यालाही तसंच जपायचं. झोपण्याआधी साखर तपासायची आणि काहीतरी खाऊनच खोलीत जायचं, हे ह्यांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तुमच्या माणसासाठी काय योग्य ते तुमचे डॉक्टर सांगतील.

कपडे: लोकर, आणि कोरडी लोकर

माझे आजोबा पावसात घोंगडी घेऊन शेतावर जायचे. घोंगडी भिजायची, जड व्हायची, पण खालचं अंग गरम राहायचं. सुती धोतर मात्र भिजलं की अंगाला चिकटून हुडहुडी भरवायचं. सगळं शास्त्र त्यात आलं. लोकर पाणी शोषते आणि तरी ऊब धरते; सुती कापड ओलं झालं की ऊब काढून घेतं. म्हणून अंगाला लागणारं पहिलं कापड सुती नको. बनियन नको, सुती गाऊन नको, सुती मोजेही नकोत. आतला थर पातळ लोकरीचा, शक्यतो मेरिनोचा घ्या. महाग असतो. एकच जोड घ्या, पण खरा घ्या.

खरेदी करताना लेबल वाचायची सवय लावून घ्या. मला शहरातल्या एका दुकानात ‘प्युअर वूलन’ म्हणून जे इनर दिलं, ते घरी आल्यावर शिवणीतलं बारीक लेबल उलटून पाहिलं तर निम्मं पॉलिएस्टर आणि निम्मं कॉटन निघालं. पैसे परत मिळाले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण विकणाऱ्याला तिकडची थंडी सहन करायची नव्हती, मला करायची होती. मधल्या थरासाठी, म्हणजे स्वेटर, कानटोपी, मफलर यांसाठी मी हिवाळ्यात नाशिकच्या शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला गेले. तिथेही प्रत्येक वस्तूचं लेबल वाचूनच घेतली.

आता पेटीची भोकं आठवा. पेटीला भोकं नसतील तर वारा आत जात नाही आणि माल गार होत नाही. आपल्या अंगालाही अशी भोकं असतात: गळा, मनगट, कंबर, घोटे. कपडे कितीही जाड असोत, या जागा उघड्या राहिल्या की चालताना प्रत्येक पावलाला आतली गरम हवा बाहेर पंप होते. इनर पँटच्या आत खोचलेलं हवं, हातमोजा बाहीच्या आत जायला हवा, गळ्याला मफलरपेक्षा डोक्यातून घालायची नळी बरी, कारण ती सुटत नाही. साडी किंवा सलवार-कमीज गरम इमारतीत जेवताना नेसा, थंड खोलीत नको.

पायाबद्दल एक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जोडवी काढा. धातू ऊब झपाट्याने ओढून घेतो हे एक, आणि जाड मोज्याच्या आत जोडवं बोटाला आवळतं हे दुसरं. रक्त फिरलं नाही तर बोट गरम राहणार कसं? मला ती काढताना जिवावर आलं होतं. लग्नानंतर फक्त एका ऑपरेशनच्या वेळी काढली होती. पण सासूबाईंनीच फोनवर सांगितलं, “पाय सांभाळ, जोडवी परत घालता येतील.” कानातली मोठी रिंग, पाटल्या, धातूची फ्रेम असलेला चष्मा, हे सगळं बाहेरच्या उणे वीस-पंचवीसमध्ये त्रास देतं. मंगळसूत्र आतल्या थराच्याही आत, त्वचेला लागून ठेवलं तर अंगाइतकंच गरम राहतं. ते मी घातलेलंच होतं.

बूट एक नंबर मोठा हवा. दोन जाड मोजे कोंबून घातलेल्या घट्ट बुटापेक्षा एका मोज्याचा सैल बूट गरम असतो. तिथेही अडकलेली हवाच काम करते.

तोंडाला पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं क्रीम लावून बाहेर जाऊ नका. मी व्हॅसलिन नेलं होतं, ओठांना, गालांना आणि नाकपुडीच्या आतल्या कडेलाही लावायला, कारण तिथली हवा इतकी कोरडी असते की नाकातून रक्त येऊ शकतं. खोबरेल तेल नेऊ नका. आपल्याकडच्या डिसेंबरमध्येच त्याचा दगड होतो.

सराव

माझं माहेर निफाड तालुक्यात, कुंदेवाडीपासून फार लांब नाही. पेपरात निफाडचं तापमान म्हणून जो आकडा छापून येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. काही पहाटे तो पाचच्या खाली जातो. जायच्या आधीच्या जानेवारीत मी मुद्दाम दोन रात्री भावाच्या ओट्यावर झोपले.

पहिल्या रात्री मी चूक केली. सुती गाऊन, त्यावर दोन स्वेटर, कानटोपी, पायांत मोजे, अंगावर दोन ब्लँकेटं, आणि खाली नुसती चटई. अकरा वाजता छान ऊब आली. एक वाजता घाम आला, पण आळसाने स्वेटर काढला नाही. चारला जाग आली तेव्हा गाऊन पाठीला ओला, गार चिकटलेला, दात वाजत होते आणि खालच्या फरशीने कंबर धरलेली. त्याच वेळी भाऊ बॅटरी घेऊन बागेत ड्रिप सुरू करायला निघाला होता. कडाक्याच्या थंडीत मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे विहिरीचं पाणी सोडतात, बांधाला शेकोट्या पेटवून धूर करतात. मला बघून तो म्हणाला, “ताई, आत जा. आजारी पडशील.” मी आत गेले, कोरडं घातलं, आणि चूल पेटेपर्यंत विचार करत बसले. मला थंडीने उठवलं नव्हतं, मला माझ्या घामाने उठवलं होतं.

दुसऱ्या रात्री उलटं केलं. अंगात फक्त लोकरीचं इनर, कोरडे मोजे, टोपी. अंगावर एकच ब्लँकेट आणि खाली आईच्या हातच्या दोन गोधड्या. त्याच ओट्यावर सकाळी सहापर्यंत गाढ झोप लागली. अंथरूण पांघरुणापेक्षा महत्त्वाचं असतं, कारण अंगाच्या वजनाने खालचं कापड दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि सगळी ऊब फरशी पिऊन टाकते. हॉटेलात बर्फाच्या पलंगावर गादी आणि त्यावर रेनडिअरची कातडी अंथरलेली असतात. रेनडिअरचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा राहते. अंथरूण म्हणून त्यापेक्षा चांगलं काय असणार?

प्रत्येकाला निफाडला माहेर नसतं हे मला कळतं. नाशिकमध्ये राहून जमेल असे दोन सराव सांगते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला स्कूटीवर गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, नेणार आहात तेच हातमोजे, तीच टोपी, तोच गळ्याचा पट्टा घालून. चालत्या गाडीचा वारा कुठल्या फटीतून शिरतो ते दहा मिनिटांत कळतं. आणि तोंडापर्यंत बंद होणारी, पायाशी निमुळती झोपण्याची पिशवी भाड्याने आणून गच्चीवर एक रात्र तिच्यात झोपा. अंधारात, हातमोजे घालून, चेन आतून उघडता-लावता आली पाहिजे. काही जणांचा त्या पिशवीत जीव घुसमटतो. ते घरीच कळलेलं बरं. आमच्या ह्यांना पहिल्यांदा घाबरल्यासारखं झालं, तीन रात्री सवय केल्यावर गेलं.

कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन बघू का, असं मला दोघांनी विचारलं. मी मालकांची परवानगी घेऊन, सोबत दुसरी बाई उभी करून, पंधरा मिनिटं कपडे तपासले. तेवढंच. कोणाच्याही शीतगृहात एकट्याने शिरू नका, आणि तिथे झोपण्याचा विचारही करू नका. बंद खोलीत काय होऊ शकतं ते त्या कामातल्या माणसांना माहीत असतं.

ती संध्याकाळ

दिवसा बर्फाच्या खोल्या पाहुण्यांना बघायला उघड्या असतात, संध्याकाळनंतर राहणाऱ्यांच्या होतात. म्हणून सामान खोलीत न्यायचंच नसतं. बॅगा गरम इमारतीतल्या लॉकरमध्ये राहतात, बाथरूमही तिथेच. कर्मचारी सगळ्यांना जमवून झोपायचं कसं ते समजावतात. ते लक्ष देऊन ऐका. आम्हाला भाचीने समजावून दिलं, पण दाखवून सांगतात त्यामुळे भाषा आली नाही तरी कळतं.

जेवण पोटभर करा, त्यात स्निग्ध पदार्थ असू द्या. पिशवी स्वतः ऊब तयार करत नाही, ऊब तयार करायचं काम आपल्या पोटातल्या अन्नाचं. मी आधी डिंकाचे लाडू न्यायचे ठरवले होते, पण युरोपीय संघात बाहेरून दूध-तुपाचे पदार्थ नेण्यावर निर्बंध आहेत. मग तिळगुळाचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे नेले. थंडीत तीळ खायचे हे आपल्याला नव्याने शिकवायला नको. ह्यांच्यासाठी गूळ नको म्हणून शेंगदाणे आणि तिथलं चीज. दारू घेऊ नका. तिने अंग गरम वाटतं, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, पण त्याच वाटेने ऊब बाहेर जाते. पाणी दिवसभर भरपूर प्या, रात्री सातनंतर घोटभरच. मध्यरात्री पिशवीतून निघून दुसऱ्या इमारतीतल्या बाथरूमला जाणं नकोसं होतं.

केस आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवा. माझे केस लांब आहेत, मी दोन दिवस आधी धुतले आणि घट्ट वेणी घालून टोपीत कोंबली.

मोबाइल थंडीत लवकर उतरतो, तो आतल्या खिशात ठेवा. आणि फोन किंवा कॅमेरा बाहेरून गरम खोलीत आणताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, अर्धा-एक तास उघडू नका. शून्य अंशाची पेटी बाहेर उन्हात आणली की मण्यांवर पाणी जमतं, आम्ही त्याला घाम सुटणं म्हणतो. तोच घाम कॅमेऱ्याच्या आत सुटला तर कॅमेरा जातो. चष्म्यालाही सुटतो, तो पुसता येतो.

आता शेवटची पायरी, जी मी भाचीच्या आग्रहाने केली. झोपायला जायच्या वेळी गरम इमारतीत दिवसभराचे सगळे कपडे, मोजे सुद्धा, काढून ठेवले आणि रात्रीसाठी राखून ठेवलेलं कोरडं इनर आणि कोरडे मोजे घातले. दिवसभर पायांना घाम आलेला असतोच, आपल्याला जाणवला नाही तरी. मी वरून स्वेटर चढवायला लागले तर ती म्हणाली, “मावशी, स्वेटर नको. निफाडचा ओटा आठव.” मग आम्ही तिघांनी त्या कपडे बदलायच्या खोलीत पंचवीस-पंचवीस उठाबशा काढल्या. घाम येईल इतक्या नाही, रक्त पळेल इतक्या. पिशवीत शिरताना अंग गरम असेल तर पिशवी ती ऊब धरते. गारठलेलं अंग घेऊन शिरलात तर गारठाच धरून बसाल.

खोलीला दाराऐवजी पडदा होता. आत इतकी शांतता की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं, हिम आवाज पिऊन टाकतं. भिंतीत लावलेल्या दिव्याने बर्फ निळा दिसत होता आणि त्याच्या आत नदीच्या पाण्यातले बारीक बुडबुडे जागच्या जागी थांबलेले. मी त्यांच्याकडे बघत बराच वेळ पडून राहिले. टोपी कानांवर, पिशवीची दोरी आवळलेली, नाक आणि तोंड मात्र बाहेर. हे फार महत्त्वाचं आहे. थंडी वाजली की पिशवीत तोंड घालावंसं वाटतं, पण श्वासातल्या वाफेने पिशवी आतून ओली होते आणि पुढचं मी निफाडला भोगलेलं होतं. सकाळचे मोजे आणि पातळ हातमोजे पिशवीत पायाशी ठेवा, उठल्यावर गरम मिळतात. बूट पिशवीजवळ, पण नुसत्या बर्फावर नकोत.

रात्री थंडी वाजली तर आधी पिशवीतच हातापायाचे स्नायू आवळा-सोडा, पाच मिनिटं. दोन तीळगूळ तोंडात टाका. तरीही कुडकुडणं थांबलं नाही, बोटं बधिर झाली, सोबतचं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर लगेच उठून गरम इमारतीत जा. तिथे रात्रभर माणूस असतो, कोणी नावं ठेवत नाही. पूर्ण रात्र काढलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एक बाई दोनच्या सुमारास निघून गेल्या. सकाळी नाश्त्याला भेटल्या तेव्हा छान हसत होत्या.

मला साडेतीनला एकदा जाग आली. नाकाचा शेंडा गार, बाकी सगळं अंग गरम. तोंडाजवळ पिशवीच्या काठावर माझ्याच श्वासाचं पांढरं दहिवर जमलेलं होतं. बोट लावलं तर साखरेसारखं विरघळलं. शेजारी ह्यांचं घोरणं ऐकून जीव निवांत झाला, आणि परत झोप लागली.

सकाळ

कर्मचारी येऊन उठवतात आणि हातात लिंगनबेरी नावाच्या लाल रानफळाचा गरम रस देतात. आंबट-गोड, थोडा आपल्या कोकमाच्या वळणाचा. तो पिशवीतच बसून प्या, मग उठा. उठल्यावर रेंगाळू नका, फोटो काढत बसू नका, कारण पिशवीतून बाहेर पडताच सगळी भोकं उघडतात. बूट घालून सरळ गरम इमारतीत. तिथे सौना, म्हणजे अंग शेकायची कडक गरम खोली असते, तिचा उपयोग करा, पण रक्तदाब किंवा साखर असेल तर आधी खा, साखर तपासा, आणि आत थोडाच वेळ बसा. ह्यांनी आधी इन्सुलिन आणि नाश्ता घेतला, सौना टाळली.

रात्री वापरलेलं इनर आणि मोजे, कोरडे वाटले तरी, हीटरजवळ टांगून पूर्ण वाळवा आणि मगच बॅगेत भरा. पुढच्या दिवशी बाहेर फिरायला तेच लागतात. जोडवी पाय पूर्ण गरम होऊन बोटं गुलाबी दिसेपर्यंत घालू नका. मी नाश्त्याच्या टेबलावर पर्समधली डबी काढली आणि भाचीने खाली वाकून, दोन्ही पायांत, स्वतःच्या हाताने घातली.